मनोऱ्याकडची खिडकी

देवावर श्रद्धा असलेले लोक पुष्कळ भेटतात. टीव्हीच्या मनोऱ्यावर श्रद्धा असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांची सगळी नोकरी त्या मनोऱ्यावर गेली. पार कांदिवलीत कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, तरी तो आपलाच अपराध समजून ते त्या घरी जात, चहा नाकारत आणि गच्चीवर चढून अँटेना फिरवत. आमच्या लग्नात मुलीला मंडपात आणायचं काम त्यांचं. भटजी घसा खाकरून तयार, आणि मामांचा पत्ता नाही. शोधलं तर हे नव्या धोतरात शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उभे, अँटेना धरून खाली ओरडतायत, "आता दिसता काय गो?" मुहूर्त टळला. नंतर मला शांतपणे म्हणाले, "मुहूर्त काय, दुसरो काढूक येता. बातमी परत लागना नाय."

आता आमची इमारत पाडून नवी बांधायची आहे. छताचे पोपडे माझ्या ताटात पडतात, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे इतरांच्या ताटात पडलेले पोपडेही मलाच आणून दाखवतात. खरं सांगतो, दमलोय मी. सगळ्यांची संमती झाली, अडलंय ते वरच्या मजल्यावरच्या मामांपाशी. नव्या नकाशात त्यांच्या वाट्याला बागेकडची खिडकी आलीय आणि त्यांना मनोरा दिसणारीच हवी. ती बाजू बिल्डर सोडत नाही.

"मामा, बागेकडून वारा काय झकास येतो!"

"वाऱ्याक घेवन काय करू?"

मध्यंतरी मनोऱ्यावरून टीव्हीचं प्रक्षेपणच बंद झालं. सगळे सभासद खूश. आता म्हातारा कशाला अडेल, म्हणून परवा दुपारी त्यांनी मला सहीसाठी वर पिटाळलं. धापा टाकत पोचलो. मामा खिडकीशी स्टुलावर बसले होते.

"मामा, बंद पडला की तो. आता त्याच्याकडे काय बघायचं?"

मामांनी खिडकीची काच पंचाने पुसली. मग म्हणाले, "जावयबापू, तो चालू होतो तेव्हा सगळी मुंबय त्याच्याकडे बघत होती. आता त्याका माझ्याशिवाय कोण आसा?"

मला फार वाईट वाटलं. खिशातला कागद काही बाहेर काढवेना. उगाच थोडा वेळ त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि खाली आलो. जिन्यात सगळे ताटकळत होते.

"काय रे, झाली का सही?"

"झोपलेत मामा," मी म्हणालो.