बायच्या नावाचा नारळ

नारळी पौर्णिमेला आमच्या घरातून खाडीला दोन नारळ जातात. एक घराचा, एक माझ्या मोठ्या बहिणीचा. आम्ही तिला बाय म्हणतो. लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले. वडील होते तोवर तिला खांद्यावर बसवून चिखलातून थेट पाण्यापर्यंत न्यायचे आणि ती आपल्या हाताने नारळ सोडायची. मग वडील गेले, गावाभोवती नव्या शहराचे सेक्टर उभे राहिले, खाडीचा काठ बांधून फिरायचा रस्ता झाला. वर चढायला पायऱ्या. बायची व्हीलचेअर घरीच राहिली आणि तिचा नारळ मी नेऊ लागलो.

सजवते मात्र तीच. हळदकुंकू, सोनेरी कागद, मग कपाळाला लावून काहीतरी पुटपुटणं. सकाळी मला राखी बांधून झाली की नारळ हातात देते आणि दरवर्षी एकच विचारते, तिकडे खुर्ची जाईल असं काही केलं का रे.

काही वर्षं मी खरं तेच सांगत होतो, नाही म्हणून. पुढे कुणीकुणी पाठपुरावा केला आणि पायऱ्यांच्या बाजूने उतार झाला, चांगला रुंद, धरायला कठडा असलेला. मी रोज तिथेच फिरतो, न दिसायला काय झालं? पण त्या वर्षी बायने विचारलं तेव्हा गर्दी, खड्डे, तिला उचलून बसवणं, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी म्हटलं, पायऱ्याच आहेत अजून. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मोठं कारण काही नव्हतं, मला कंटाळा आला होता. पुढच्या वर्षी खरं सांगावं तर आधीचं खोटं उघडं पडणार, म्हणून पुन्हा पायऱ्याच. बायने नुसती मान हलवली. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तिकडे जाऊन मी काय करायचो? फोनवर बोलता बोलता दोन्ही नारळ भिरकावले की मोकळा.

यंदा पिशवी घेऊन निघालो. वाटेत मित्र भेटले, चहा झाला. काठावर पोचलो तर कठड्याशी बाय. मागे खुर्ची धरून आमची भाडेकरीण, परभणीकडची. ती बिचारी आनंदाने सांगू लागली. सणाच्या दिवशी एकट्याच का बसलात, असं तिने विचारलं तर बाय म्हणाली, पायऱ्या आहेत. मग हीच म्हणाली, अहो, उतार कधीचा झालाय, मी रोज बाळाची गाडी नेते की, चला. इतकं सोपं होतं ते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसता तिचा नारळ तिच्यापुढे धरला. ती रागावली नाही. नारळही घेतला नाही.

"तू माझे नावान नारल कसा वाहतस," ती म्हणाली, "मना बगू दे."

मी चपला काढल्या. काढताना लक्षात आलं, की आजवर कधी काढल्याच नव्हत्या.