टर्बो निवेपर्यंत

तापलेल्या इंजिनाचा वास आला की मला राजूर घाट आठवतो. नवी सून असताना मी सासरच्या माणसांनी भरलेली डिझेल गाडी तो घाट चढवून बुलढाण्याला आणली होती. नातेवाइकांच्या दारात पोचल्यावर इंजिनात हवा कोंबणारा तापलेला टर्बो एकदम बंद पडून खराब न होता हळूहळू निवावा म्हणून मी इंजिन दोन मिनिटं चालूच ठेवलं, तर सासरे सगळ्यांसमोर ओरडले, "बंद कर ना! डिझेल काऊन जाळून राह्यली?" मी स्टेअरिंग न सोडता म्हटलं, "मामाजी, चढ चढून आलेल्या बैलाले तुम्ही लगेच पाणी पाजता का?" ओसरीवर हशा पिकला. काल, इतक्या वर्षांनी, नवऱ्यानं गाडी उभी करून किल्लीला हात घातला, तशी मागच्या सीटवरून मामाजींची डरकाळी आली, "थांब बे, दम घेऊ दे तिले!"