झोपेच्या वहीतले साडेपाच तास

खोटं लिहायला मी पाचव्या दिवशी सुरुवात केली. आधीचे चार दिवस अगदी प्रामाणिक होते, हे सांगून ठेवते.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोचे सहा डोस ठरले, तीन आठवड्यांनी एक. तिसऱ्या डोसनंतर माझी झोप उडाली ती उडालीच. डोसबरोबर देतात त्या स्टेरॉइडनं दोन रात्री टक्क जाग, मग अंगातून वाफा, मग नुसतीच भीती. दवाखान्यानं पुण्याच्या एका समुपदेशक मुलीशी गाठ घालून दिली, व्हिडिओ कॉलवर. मुलगी कसली, पोरगीच. माझ्या दहावीच्या एखाद्या बॅचमधली असावी. बावीस वर्षं मी गंगापूर रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतेय, आणि ही मला झोपायला शिकवणार! म्हटलं, घ्या, हेच राहिलं होतं.

तिचे नियम कडक. दिवसा आडवं व्हायचं नाही. रात्री साडेअकराच्या आधी पलंगावर जायचं नाही, सकाळी साडेपाचला उठायचं म्हणजे उठायचं. झोप लागत नसेल तर कुढत पडायचं नाही, बाहेर येऊन काहीतरी शांत काम करायचं. मी स्वयंपाकघरात शाल पांघरून लसूण सोलायचे. इतका लसूण साठला की शेजारणींना डबे भरून वाटला. आणि सकाळी वहीत लिहायचं, किती वाजता पडले, कितीदा उठले, एकूण झोप किती.

वही आधी नवऱ्याच्या हातात जायची. हे पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. द्राक्षांचा सीझन होता, त्यामुळे सातलाच मोटारसायकल हायवेला लागायची. निघण्याआधी वहीचा फोटो काढून त्या मुलीला पाठवायचे, घरच्या ग्रुपवरही टाकायचे. चौथ्या दिवशी मी खरं लिहिलं होतं, पावणेदोन तास. त्यांनी वाचलं, चहा तसाच ठेवला, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

पाचव्या दिवशी मी साडेपाच लिहिले. त्यांनी पोहे चाटूनपुसून खाल्ले. मग काय, रोज साडेपाच! ग्रुपवर नणंदेची फुलं आणि जोडलेले हात.

खरं तर कधी दोन तास, कधी तेवढेही नाहीत. चौथा डोस झाला त्या आठवड्यात तर मला भिंती श्वास घेताना दिसायला लागल्या. तेव्हाच मी ठरवलं, पाचवा घ्यायचा नाही. मरणाची भीती होती, नाही कशाला म्हणू? पण त्या रात्रींची जास्त होती. हे सांगणार कुणाला? कागदोपत्री मी छान झोपत होते. माझं तोंड मीच शिवून ठेवलं होतं.

पाचव्या डोसच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या त्या पोरीचा कॉल आला. वहीचे फोटो समोर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, डोसच्या रात्रीपण साडेपाच? एकदाही सव्वापाच नाही, सहा नाही?"

मला दरदरून घाम फुटला. लोलकाच्या प्रयोगात पोरं घरी बसून आकडे लिहून आणतात ना, सगळे एकसारखे, गुळगुळीत? खरं निरीक्षण इतकं देखणं कधीच येत नाही. ती जर्नलं मी पोरांच्या तोंडावर परत केली आहेत. आता माझंच परत आलं होतं.

"तुला म्हणायचंय काय?" मी उखडलेच.

"मला खरे आकडे हवेत. तुमची झोप सुधारली असं याच्यावरून धरून मी आपले कॉल बंद करणार होते."

बंद म्हटल्यावर माझा बांध फुटला. रडत रडत सगळं सांगितलं, पाचव्या डोसचंसुद्धा. मग ती म्हणाली, "डॉक्टरांना सांगू. पण आधी घरी सांगा. रविवारी कॉलवर दोघं बसा."

रविवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले, पालकसभेला आल्यासारखे. मी तोंड उघडायच्या आत तिनं यांनाच विचारलं, "सर, तुम्ही किती तास झोपता?"

"साडेपाच," हे फटकन म्हणाले.

मी वळून बघितलं. कॉपी केलेलं उत्तर मला लांबूनही कळतं.

"अहो, खरं सांगा."

ते बोटांशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तू उठून गेलीस की मी जागाच असतो. तू परत येईपर्यंत डोळे मिटून पडतो."

"मग वहीतलं खरं कसं मानलंत?"

"मानायचं ठरवलं होतं."

"आणि पोहे?"

"मी खाल्ले की तुला बरं वाटायचं ना." मग हळूच म्हणाले, "परवा ओझरजवळ गाडीवर डुलकी लागली. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला म्हणून वाचलो."

इतका राग आला मला, त्यांचा, माझा, त्या मेल्या वहीचा! आणि त्या रागातच बोलून गेले, "पाचवा डोस मी घेणार नाहीये."

ओरडतील, आमच्या लेकीची शपथ घालतील, डॉक्टरांना फोन लावतील, सगळ्याला उत्तर तयार होतं माझ्याकडे. ते ओरडले नाहीत.

"नाही घेतलास तर मी काय करू, तेवढं सांग," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. "आधी डॉक्टरांना खरे आकडे सांगू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषधांच्या वेळा बदलून दिल्या. झोप लगेच आली वगैरे काही नाही. गुरुवारी सकाळी आम्ही डोसला गेलो, रिक्षानं. गाडीची किल्ली मी त्यांच्या हातात दिली नाही.