आईच्या लुगड्याला सुती दोरा

आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं मला नव्या नवरीचे दिवस आठवले. वैरागहून सोलापुरात सासरी येताना मी माझ्या वारलेल्या आईचं एकच मऊ लुगडं आणलं होतं. त्याची गोधडी शिवायला घेतली ती नायलॉनच्या चकचकीत दोऱ्यानं. दोरा चमकला की गोधडी चमकली, एवढीच माझी अक्कल!

सासूबाईंनी शिवणीवर बोट फिरवलं. “आगं पोरी, ह्यो दोरा तुटायचा न्हाय, जुनं कापडच कापंल की. सुती घाल.”

मग माझ्याशेजारी बसून त्यांनी एकेक टाका हलक्या हातानं उसवला. लुगडं वाचलं, आणि मी सुती दोऱ्यानं गोधडी नव्यानं शिवली. शेजारणी गोधडी बघायला आल्या, तेव्हा सासूबाई त्यांना म्हणाल्या, “दोरा सूनबाईनंच निवडलाय. लई हुशार हाय!”

मीही निर्लज्जासारखी मान डोलावली. आता ती गोधडी पांघरताना आईच्याही आधी सासूबाई आठवतात.