पान एकोणिसावरची बस

नागपूरच्या शहर बसच्या चालक-वाहक संघटनेला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९८३ साली एक स्मरणिका निघाली. तिच्यात पान एकोणिसावर एक फोटो होता. अरुंद रस्ता, माणसांची दाटी, मधोमध अडकलेली बस, पुढे दोन पोलीस आणि गर्दीच्या डोक्यावर बांबू-कागदाचा अगडबंब पुतळा. बसचा चालक खिडकीतून बाहेर वाकला आहे. खाली ओळ होती : ‘सीताबर्डी, जानेवारी १९७२. संप फोडण्यासाठी पोलीस बंदोबस्तात काढलेली गाडी.’

चालकाचं नाव छापलं नव्हतं. गरजही नव्हती. धोंडबा मानवटकरांना डेपोत सगळेच ओळखत.

धोंडबांना यावर काही बोलता आलं नाही, कारण त्यांना बोलताच येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लकव्यात उजवं अंग आणि वाचा गेली, नोकरी सुटली. कान आणि डोकं मात्र शाबूत होतं. दर रविवारी डेपोतले जुने सोबती इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी पत्ते खेळायला येत. धोंडबा डाव्या हातात पत्ते धरत आणि डाव जिंकला की खाटेच्या पाटीवर थाप मारत. आठवडाभरात त्यांचा तेवढाच आवाज व्हायचा.

स्मरणिका निघाली आणि रविवारी कोणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यांची बायको तुळसाबाई सतरंजी अंथरायची, संध्याकाळी गुंडाळायची. मग एक दिवस डेपोसमोरच्या टपरीवर तिने पाठमोऱ्या माणसाचं बोलणं ऐकलं : “ज्या हातानं संप फोडला, तोच हात गेला पाहा.”

तिथून ती घरी गेली नाही. टपरीवरची स्मरणिका उचलून सरळ सीताबर्डीवरच्या संघटनेच्या कार्यालयात गेली आणि ती भैयाजींच्या टेबलावर आपटली. भैयाजी संघटनेचे सचिव, पूर्वी धोंडबांसारखेच चालक. रविवारच्या पत्त्यांतले एक तेही.

“वहिनी, बसा न.”

“बसाले नाही आली. हे कोणं लिहिलं?”

“मीच लिहिलं.” भैयाजींनी चष्मा लावला. “फोटोत दिसूनच राहिलं न. पुतळा कोणाचा हाये? साहेबाचा. डोक्यावरची हॅट पाहा, हातातली बॅग पाहा.”

बहात्तरच्या संपात संघटनेने व्यवस्थापकाचा पुतळा खरंच केला होता. मारबत या पीडा घालवायच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत निघतात ते बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, बांधणाऱ्या कारागिराकडूनच तो करवून घेतला होता. हॅट घातली होती आणि चौकात जाळला होता. त्यामुळे एका मेलेल्या फोटोग्राफरच्या पेटीतून हा फोटो मिळाला, तेव्हा भैयाजींनी पुतळा पाहिला, पोलीस पाहिले, बस पाहिली आणि ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही.

“संपात यायनं एक दिवस गाडी नाही काढली,” तुळसाबाई म्हणाली. “तुमच्या मांडीले मांडी लावून उपोषणाले बसले होते. घरी मी कण्या शिजवून राहिली होती.”

“शेवटी शेवटी काही जण फुटले होते, वहिनी. मले वाटलं...”

“तुमाले आमचाच माणूस काहून वाटला?”

भैयाजींनी स्मरणिका तिच्याकडे सरकवली. “पुरावा आणा,” ते म्हणाले. “मग पाहू.”

तुळसाबाईने स्मरणिकेतलं पान फाडलं आणि घरी आणलं. दाराशी, उजेडात बसून पाहिलं. नवऱ्याचा चेहरा सोडून बाकीचं तिने पहिल्यांदाच पाहिलं. डावीकडच्या कोपऱ्यात एक दार होतं आणि चौकटीला टेकवलेली एक फांदी. तीन-तीन रुंद पानं. पळस. खाली फुटपाथवर, लोकांच्या पायांपलीकडे, विकायला मांडलेले चाकांचे लाकडी बैल.

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर या घरात असले सगळे प्रकार बंद झाले. पण तिचं माहेर काटोलकडचं. लहानपणी पोळ्याच्या संध्याकाळी आई दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायची, मेढे म्हणायची. दुसऱ्या दिवशी पहाटे रोगराईला हाकलत ते गावाबाहेर फेकून यायचे. तो दुसरा दिवस म्हणजे कर. लाकडी बैल घेऊन पोरं फिरतात तो तान्हा पोळाही त्याच दिवशी, आणि नागपुरात मारबतही त्याच दिवशी निघते. पोळा पावसाळ्यात येतो. जानेवारीत कोणाच्या दाराशी मेढे नसतात.

आणि कर म्हटल्यावर तिला ड्युटी आठवली. तिचा संताप खरा तिथून सुरू झाला.

डेपोत एक रीत पडून गेली होती. कर असो, होळी असो, लक्ष्मीपूजन असो, गाडी धोंडबाकडे. ‘तुमचा कुठं सण हाये, मानवटकर?’ एवढं म्हटलं की ज्याला सुटी हवी तो मोकळा. आणि दसऱ्याला, दीक्षाभूमीवर जायला, धोंडबांनी सुटी मागितली की उत्तर मिळायचं : ‘त्या दिवशी तर खेड्यापाड्यातून गर्दी लोटते. सुटी कशी भेटंल?’ वर्षानुवर्षं त्यांनी पांढरे कपडे घातलेल्या आपल्याच माणसांना दीक्षाभूमीपर्यंत सोडलं आणि गाडी वळवून परत आणली.

साल मात्र कळत नव्हतं. कर दरवर्षी येते, आणि पुतळा साहेबाचाच, हे भैयाजी म्हणणारच. ती पान घेऊन इतवारीत चंपतरावांकडे गेली. म्हातारा चंपतराव आयुष्यभर बडगे बांधत आला होता. त्याने पान डोळ्यांजवळ नेलं आणि खो खो हसत सुटला.

“हा साहेब? बाई, हा चंद्रावर गेलेला माणूस हाये! हॅट नाही वं, मटका हाये तो, उलटा घातलेला. पाठीमागं नळी पाहा. त्या साली माणूस चंद्रावर गेला अन् आमच्या गल्लीत नळाले पाणी नव्हतं. म्हणून त्याच्या हाती रिकामी बादली देली मी. एकोणसत्तर साल.”

“जागा कोणती?”

“महाल. हा लोखंडी सज्जा अजून हाये तिथं. सीताबर्डी कोण गाढवानं लिहिलं?”

गाढवाला भेटायला तो स्वतः तिच्यासोबत निघाला. वाटेत महालात सज्जा पाहून घेतला. कार्यालयात शिरताच त्याने भैयाजींना झापलं. आपल्या चंद्रवीराला संपाचा साहेब म्हटल्याचा त्याला तुळसाबाईइतकाच राग आला होता. मटका, नळी, बादली, पळस, बैल, सज्जा. भैयाजींनी बोट फिरवून एकेक पाहिलं.

“चूक झाली,” ते म्हणाले. “दुरुस्तीची चिठ्ठी छापतो. सगळ्यायले वाटतो.”

“चिठ्ठीत हेही लिहा, त्या दिवशी ती गाडी कोणाची होती.”

भैयाजींनी पान उलटं ठेवलं.

“करीची ड्युटी तुमची राहे, भैयाजी. तुमाले बडगे पाहाले जायचं राहे. दरवर्षी यायच्या गळ्यात मारून जात होते तुम्ही.”

“ते काहून काढता, वहिनी? जुनं झालं.”

“फोटो जुना नव्हता झाला काय?”

चिठ्ठी छापली गेली. ‘पान १९ : मारबतीची मिरवणूक, महाल, १९६९. सणासुदीतही सेवा बजावणारे कर्तव्यदक्ष चालक श्री. धोंडबा मानवटकर.’ डेपोत ती सगळ्यांना वाटली गेली. पुढच्या रविवारी भैयाजी आणि दोघं जण पत्ते घेऊन इंदोऱ्याला हजर झाले.

तुळसाबाई दारात उभी राहिली. बाजूला सरली नाही.

“कर्तव्यदक्ष,” ती म्हणाली. “हौस होती काय त्यायले? चिठ्ठी मले नका दाखवू. यायले वाचून दाखवा. अन् जे छापलं नाही तेही यायच्याच तोंडावर सांगा.”

भैयाजी आत गेले, खाटेच्या कडेवर टेकले. चिठ्ठी वाचली. मग घडी करत राहिले. बाकीचे दोघं दाराशीच उभे होते.

“धोंडबा,” भैयाजी म्हणाले, “त्या दिवशी गाडी माझी होती. तू सण करत नाही म्हणून तुले देली. दरवर्षीच देत होतो.”

धोंडबांनी डावा हात पुढे करून त्यांनी आणलेला पत्त्यांचा जोड घेतला आणि आपल्या उशीखाली सरकवला.

“आज नाही खेळत ते,” तुळसाबाई म्हणाली. “चहाही नाही ठेवला मी.”

आणि त्यांना बाहेर पडता यावं म्हणून ती दारातून बाजूला झाली.