डांबराची तार

लॅबमधल्या बाईला साइटवर कुणी नावाने हाक मारत नसे. तोंडावर ‘मॅडम’, पाठीमागे ‘कडू’. डांबर तपासणं हे तिचं काम. ठेकेदाराने चहा पुढे केला की म्हणायची, “आत्ताच झाला.” झालेला नसायचा.

थंडीत नव्या रस्त्याला आडव्या भेगा गेल्या. रस्त्याचे कापलेले तुकडे लॅबमध्ये आले आणि त्यांच्या मागोमाग तिचा धाकटा भाऊ. प्लांटवर डांबराची टाकी तापवायचं काम त्याचं. चूक रोलरवाल्याची की टाकीवाल्याची, ते आज ठरणार होतं. ज्याची निघेल त्याची नोकरी जाणार होती.

“ताई, रोलर उशिरा आला, माल गार पडला, एवढंच सांग ना वर.”

“त्या दिवशी बर्नर चालू ठेवून कुठे गेला होतास?”

“जेवायला.”

“संध्याकाळपर्यंत?”

त्याने टेबलावरची किटली उगाच इकडची तिकडे केली.

“फार तापलं की डांबर कडक होतं. गारठ्यात रस्ता आकसतो. डांबर ताणलं गेलं तर निभतं, नाहीतर फाटतं.”

“मला शिकवू नकोस. लहानपणापासून तेच करत आलीयेस.”

तुकड्यांतून काढलेलं डांबर तिने साच्यांत ओतून ठेवलं होतं. यंत्राच्या लांब हौदात, पंचवीस अंशांच्या पाण्यात ते दोन्ही टोकांनी ओढायचं. तार कुठवर जाते ते बघायचं. ती आतल्या खोलीतून साचे घेऊन आली. यंत्र सुरू केलं.

तार निघाली. लांबत गेली, केसासारखी बारीक झाली, तरी तुटेना.

भाऊ हसला. “बघ! उगाच माझ्या जिवावर उठली होतीस.”

तिने हौदात हात घातला. पाणी चांगलंच कोमट होतं. टेबलावरची किटली मघाशी चहासाठी उकळलेल्या पाण्याने भरलेली होती. आता रिकामी.

“गरम पाण्यात कुठलंही डांबर ताणलं जातं,” ती म्हणाली आणि हौदाचं बूच उपटलं.

“ताई, माझी पोरं लहान आहेत गं.”

“रोलरवाल्याचीही आहेत.”

नवं पाणी भरलं. थर्मामीटर बघितला. दुसरा साचा लावला. तार बोटभरही निघाली नाही. तुटली.

भावाने स्टुलाला लाथ घातली. “आईला सांगतो, तुझ्या लेकीने माझा गळा कापला.”

“सांग. किटलीचंही सांग.”

“घरात पाऊल ठेवू नकोस परत!”

ती साचे रॉकेलने पुसत होती. मान वर केली नाही.

“रविवारी येणार आहे. आईची औषधं द्यायचीत. तू नसलास तर बरं.”