वरच्या कप्प्यातल्या माश्या

तिला सगळे मिरची म्हणायचे, आणि उगाच म्हणत नव्हते. जीवशास्त्राच्या त्या विभागात तिच्या तोंडाला लागायची शिपायापासून सरांपर्यंत कुणाची छाती नव्हती. कामाला मात्र वाघ. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्या काचेच्या नळ्यांत पाळायच्या, निम्म्यांना एका पानाचा अर्क मिसळलेलं खाणं द्यायचं, निम्म्यांना साधं, आणि कोण जास्त जगतं ते बघायचं. यावर तिचा शोधनिबंध उभा राहायचा होता आणि निबंधावर पदवी. बाबा घरी येईल-जाईल त्याला सांगायचे, "लोक रिकामटेकडे बसून माश्या मारतात, आमची लेक जगवते!" आई हसायची नाही. तिला फोनवर एवढंच विचारायचं असायचं, "झालं का गं एकदाचं?"

कसलं होतंय! सुरुवातीला मिरचीच्या जोडीला एक मैत्रीण होती. दोघी वसतिगृहात एकाच खोलीत राहायच्या, एका ताटात जेवायच्या. ती कामात इतकी सावकाश, की मिरचीनंच तिचं नाव गोगलगाय पाडलं होतं. माश्यांना ताज्या खाण्याच्या नळीत हलवायचं म्हणजे आधी वायू सोडून गुंगी आणायची, मग मऊ कुंचल्यानं एकेक उचलायची. मिरची हे फटाफट उरकायची. गोगलगाय एकेका माशीला तान्ह्या बाळासारखी उचलायची, आणि शेवटी, माश्यांना ठरावीक उबेत ठेवणाऱ्या विजेच्या कपाटातल्या नळ्यांच्या ट्रेंची अदलाबदल करायची. वरचा खाली, खालचा वर.

"कशाला गं ही हलवाहलव?" मिरची करवादायची.

"पद्धत आहे. कपाट सगळीकडे सारखं नसतं."

"पद्धत गेली खड्ड्यात! चल लवकर, खानावळ बंद होईल."

पहिली फेरी संपली आणि अर्क खाणाऱ्या, न खाणाऱ्या, दोन्ही माश्या अगदी सारख्याच मेल्या. सगळी मेहनत पाण्यात. मिरचीचं डोकं फिरलं. अर्कातच काही दम नसेल, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. ती तडक सरांकडे गेली. "सर, हिचा हात जड आहे. गुंगी जास्त देते, ट्रे हलवत बसते. माश्या हिच्या हातूनच मरतात." गोगलगाय दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि चकार शब्द काढला नाही. बोलायला हवं होतं बाईनं! पण ती पडली गरीब. सरांनी तिला त्या कामातून काढलं, आणि थोड्याच दिवसांत तिनं शिक्षणच सोडलं. खोली रिकामी करताना म्हणाली, "तुझं काम नीट होऊ दे." मिरचीनं मान वरसुद्धा केली नाही.

दुसरी फेरी मिरचीनं एकटीनं केली, आणि काय सांगावं, दृष्ट लागावी असा निकाल आला! अर्कवाल्या माश्या पुष्कळ जास्त जगल्या. सर खूश. बाबांनी साऱ्या नातेवाइकांना फोन केले. मिरचीनं निबंध लिहायला घेतला. काम कसं केलं हे सांगायचा भाग आला, की त्या प्रयोगशाळेतली सगळी पोरं जुन्या निबंधातली वाक्यं उचलायची. पद्धत तीच तर असते! मिरचीनंही उचलली. त्यात एक वाक्य होतं, "दर वेळी ट्रेंच्या जागा बदलण्यात आल्या."

तिची बोटं थांबली. कुणी बदलल्या? पहिल्या फेरीत गोगलगायीनं. दुसऱ्या फेरीत कुणीच नाही. अर्कवाला ट्रे हाताशी असावा म्हणून तो कायम वरच्या कप्प्यात, साधा कायम खाली, आणि त्या खालच्या कप्प्याखाली कपाटाची मोटर. वाक्य तसंच ठेवून पुढे जाता आलं असतं. कोण बघायला येत होतं? पण ती उठली. तिनं दोन्ही कप्प्यांत तापमापक ठेवले. खालचा कप्पा चांगलाच गरम निघाला. उबेत माशी लवकर म्हातारी होते, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. अर्क बिचारा काहीच करत नव्हता. पहिल्या फेरीचा जो निकाल तिनं टाकून दिला होता, तोच खरा होता.

तिनं सरांना सांगितलं. ते "फेरी पुन्हा कर" एवढंच म्हणाले. निबंध गेला याचं तिला वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला? पण खरी टोचणी वेगळीच होती. जिन्यात बसून तिनं गोगलगायीला फोन लावला. ती आता एका चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, हे मिरचीला उडत उडत कळलं होतं.

"अगं, चूक माझी होती." कपाट, मोटर, ट्रे, मिरचीनं श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. "तुझंच काम बरोबर होतं. मला माफ कर गं."

"म्हणजे माझा हात जड नव्हता?"

"नव्हता गं."

"मला खरंच तसं वाटलं होतं," गोगलगाय म्हणाली. "दुसऱ्या विभागातल्या मॅडमनी बोलावलं होतं मला. मी नाही म्हटलं. म्हटलं, आपल्या हातानं उगाच कुणाचं काम नासायला नको."

"परत ये," मिरची कशीबशी म्हणाली. "मी सरांच्या पाया पडते."

"आता कुठे येऊ? माझी जागा केव्हाच भरली." मग म्हणाली, "तेव्हा एकदा कपाटात हात घालून बघितलं असतंस तर गं?"

मिरची हमसून हमसून रडायला लागली. गोगलगायीनं तिची समजूत काढली नाही.